पेटीतला चरखा आणि चित्रकलेचा तास



येरवडा म्हटलं की आपल्याकडे लोक हसतात. कुणी जरा विचित्र बोललं, की "ह्याला येरवड्याला न्या" असं म्हणायची रीतच पडून गेली आहे. तिथल्या मनोरुग्णालयामुळे ती पडली. रीत काही चांगली नव्हे. आजारी माणसाची ती थट्टा आहे. दुसरी प्रसिद्धी तुरुंगाची. पण आज मी तुम्हांला ह्याच येरवड्याला नेणार आहे, आणि तेही चित्रकलेविषयी बोलण्यासाठी.

त्याचं असं झालं. मध्यंतरी एका खेड्यातल्या शाळेचे गुरुजी भेटले. बोलता बोलता चित्रकलेचा विषय निघाला. ते म्हणाले, "साहेब, आमच्याकडे आहे काय काढायला? धड रंग नाहीत, कागद नाहीत, पाहायला चांगली चित्रं नाहीत. शहरात प्रदर्शनं भरतात, संग्रहालयं असतात. आमची पोरं आपली दोन डोंगर, मधोमध सूर्य, खाली नदी आणि एक झोपडी काढतात. गावाला डोंगर नसला तरी! शेवटी तो तास मी गणिताला देऊन टाकला."

मी स्वतः पुष्कळ वर्षं चित्रकला शिकवली आहे. तरी त्या वेळी मला नीट उत्तर सुचलं नाही. 'हो, अडचण खरी आहे' असं काहीसं पुटपुटलो आणि चहा पिऊन निघालो. तो तास गणिताला गेला ही गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. म्हणून आजचं हे बोलणं त्या गुरुजींसाठी आहे. त्यांच्यासारखे आणखीही कुणी ऐकत असतीलच.

आता येरवड्याकडे वळू. 1930 च्या मे महिन्यात, मिठाच्या सत्याग्रहात, गांधीजींना पकडून येरवड्याच्या तुरुंगात ठेवलं. ते सुटले 1931 च्या जानेवारीत. पुढे 1932 च्या आरंभी पुन्हा तिथेच. तुरुंगात त्यांचं कातणं चालूच असे. आपल्या आज्यांच्या वेळचा रहाट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ठाऊक आहे की तो केवढा असतो. भलंमोठं उभं चाक, लांब पाट आणि टोकाला चाती. कोठडीत तो ठेवायचा कुठे? प्रवासात न्यायचा कसा? आणि ज्या गरिबाच्या खोपटात चूल, पाण्याची घागर आणि चार माणसं मावताना मारामार, त्यानं तो मांडायचा कुठे?

ह्या अडचणीतून जो चरखा पुढे आला, त्याला 'येरवडा चक्र' असं नाव पडलं. आपण त्याला पेटीचरखा म्हणतो. त्याची घडण नीट लक्षात घ्या, कारण माझ्या सगळ्या बोलण्याचं मूळ तिच्यात आहे. उभं चाक आडवं केलं. एका मोठ्या चाकाऐवजी दोन चाकं घेतली, एक थोरलं नि एक धाकटं, आणि दोन्ही लाकडी पेटीच्या तळाशी निजवली. मुठीनं थोरलं चाक फिरवायचं. त्याची माळ धाकट्याच्या मधल्या कप्पीवर जाते. थोरल्याचा एक फेरा होतो तेवढ्यात धाकट्याचे अनेक होतात. धाकट्यावरून दुसरी माळ चातीवर जाते, आणि चातीचे तर मोजता येऊ नयेत इतके फेरे होतात. म्हणजे भल्यामोठ्या चाकानं जो वेग यायचा, तो दोन लहान चाकांच्या जोडीनं आणला. उजवा हात मुठीवर, डाव्या हातात पेळू. काम संपलं की चाती काढून आत ठेवायची, झाकण लावायचं आणि पेटी काखोटीला मारून चालू लागायचं. पुढे पुस्तकाच्या आकाराचेही चरखे निघाले.

ही घडण एकट्या गांधीजींची असं मी म्हणणार नाही. किती सुतारांचे आणि कातणाऱ्यांचे हात तिला लागले असतील! चांगला चरखा व्हावा म्हणून त्याआधीच, 1929 साली, चरखा संघानं चक्क एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. त्याच्या अटी ऐकण्यासारख्या आहेत. चरखा हलका हवा, झोपडीत चालणारा हवा. बाईला आठ तास फारसे श्रम न पडता त्यावर बसता यावं. आठ तासांत सोळा हजार यार्ड सूत निघावं. किंमत दीडशे रुपयांवर जाता कामा नये, आणि तो वीस वर्षं टिकावा. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. अटी फार कठीण होत्या. पण त्या अटींत एक माणूस दिसतो की नाही पाहा. दिवसभर बसणारी बाई, तिची पाठ, तिचं खोपटं, तिचा खिसा. वस्तू घडवण्याचं शास्त्र म्हणतात ते इथून सुरू होतं. 'दिसायला सुंदर हवी' अशी अट यादीत नव्हती. आणि तरी पेटीचरखा उघडला की डोळ्याला बरं वाटतं. त्यात एकही तुकडा उगीच नाही.

त्याच तुरुंगातली आणखी एक लहानशी गोष्ट. 1932 साली सरदार वल्लभभाई पटेल गांधीजींबरोबर तिथे होते. ते काय करीत असत? आलेल्या टपालाचे, पुडक्यांचे रद्दी कागद घ्यायचे आणि त्यांची पाकिटं करायची. महादेवभाई देसायांच्या रोजनिशीत त्याची नोंद आहे. गुरुजी, कागद नाहीत म्हणालात ना?

आता छायाचित्राकडे येतो. गांधीजी आणि चरखा ह्यांचं जे चित्र जगभर गेलं, ते पुण्यातच काढलेलं आहे, 1946 साली. काढणारी बाई अमेरिकन, मार्गारेट बर्क-व्हाइट. 'लाइफ' नावाच्या मोठ्या सचित्र साप्ताहिकासाठी ती काम करी. पोलादाचे कारखाने, महायुद्ध, सगळं तिनं टिपलेलं. ती आली तेव्हा गांधीजींच्या सचिवांनी तिला विचारलं, कातता येतं का? ती म्हणाली, मी कातायला नव्हे, फोटो काढायला आले आहे. त्यावर तिला सांगण्यात आलं की चरखा समजल्याशिवाय चरख्यावरच्या माणसाचं चित्र काय काढणार? आधी शिका. आणि ती बाई खरोखरच कातायला बसली! तिचं सूत सारखं तुटे. हे सगळं तिनंच आपल्या पुस्तकात मोकळेपणानं लिहून ठेवलं आहे.

त्यात गांधीजींचा मौनाचा सोमवार. बोलायचं नाही. प्रखर प्रकाशाचा त्यांच्या डोळ्यांना त्रास होई, म्हणून फ्लॅशचे दिवे, एकदाच भडकून जळून जाणारे, फक्त तीन वापरायची परवानगी मिळाली. पहिले दोन फुकट गेले. तिसरा साधला.

रेडिओवरून मला ते चित्र दाखवता येत नाही, तेव्हा शब्दांवर भागवून घ्या. अगदी पुढे चरखा. पेटीचा नव्हे, उभ्या चाकाचा, इतका जवळ की माणसापेक्षा तोच मोठा वाटतो. मागे जमिनीवर गादीवर गांधीजी बसले आहेत, अंग उघडं, डोळ्यांवर चष्मा. मागच्या बाजूनं उजेड येतो आहे. आणि गंमत अशी की ते कातत नाहीत. हातातले कागद वाचत आहेत. चाक थांबलेलं आहे. पुष्कळांना आठवतं ते 'सूत कातणारे गांधीजी' म्हणून. पुन्हा निरखून पाहा. माझी आपली समजूत अशी, की जिचं सूत दिवसभर तुटलं, तिलाच थांबलेल्या चाकाचं मोल कळलं असेल. नुसती बाहेरून आलेली असती, तर तिनं हात फिरतानाचं चित्र मागितलं असतं. हा माझा तर्क आहे. तो मानलाच पाहिजे असं नाही.

कुणी म्हणेल, ही थोरामोठ्यांची उदाहरणं झाली. तर खानदेशात चला. 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. शांतिनिकेतनाचे थोर चित्रकार नंदलाल बोस ह्यांना सजावटीसाठी बोलावलं होतं. त्यांना सांगितलं गेलं की शहरातून काही आणायचं नाही, गावाच्या आसपास मिळेल त्यातून उभं करा. एवढ्या मोठ्या कलावंतानं नाक मुरडलं नाही. बांबू आणि असलंच गावठी साहित्य घेऊन त्यांनी ते नगर सजवलं. बुरूड, सुतार, गवंडी ह्यांना जे रोज हाताळायला मिळतं, तेच त्यांनी वापरलं.

मग वर्गात काय करायचं? मला जमलं ते सांगतो. एका आठवड्याला घरातली एकच वस्तू घ्यावी. खुरपं, पाटा-वरवंटा, सूप, कंदील, बैलाची वेसण, काहीही. पहिल्या दिवशी चित्र काढायचंच नाही. त्या वस्तूनं काम करायचं. खुरपं असेल तर शाळेच्या आवारातलं गवत काढा. मूठ कुठे टोचते, पातं कोणत्या अंगाला वाकलेलं आहे, डावखुऱ्या पोराला ते का जमत नाही, हे हातालाच विचारा. कागदावर यायचं ते दुसऱ्या दिवशी. कोळसा चालेल, खडू चालेल. आणि हल्ली गावोगाव घरात मोबाईल पोहोचला आहे, त्याचा कॅमेराही चालेल. परंतु एक अट घाला. तीनच फोटो काढायचे, चौथा नाही. शंभर काढायची मुभा असली की पोर एकही पाहत नाही.

ह्यात शिक्षकाचीही परीक्षा होते हो! माझी झाली. एका मुलीनं सुपाचं चित्र काढलं होतं. विणीची एकेक पट्टी मोजून काढलेली, पण पुढच्या कडेला एक काळसर डाग. मी लाल पेन्सिलीनं त्याभोवती गोल केला आणि म्हटलं, "एवढं छान सूप, हे घाण कशाला ठेवलंस? पूस." ती पुसेना. म्हणाली, "ते घाण नाही सर, ठिगळ आहे. आईनं फडकं शिवलंय तिथं. ते नसलं तर दाणे गळतात." मी तो लाल गोल खोडरबरानं काढायला गेलो. लाल पेन्सिलच ती, निघते थोडीच! चित्रावर तो तसाच राहिला. पुढे प्रदर्शनात लावलं तेव्हा लोक विचारीत, हा गोल कसला? मी सांगत असे, सरांची चूक आहे.

आता शेवटी थोडं सहलीविषयी. शाळेची सहल पुण्याला आणणार असाल, तर नगर रस्त्यावर, येरवड्यालाच, आगाखान पॅलेस आहे. 1892 साली दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून बांधलेली ही वास्तू. 1942 ते 1944 गांधीजींना इथे स्थानबद्ध ठेवलं होतं. महादेवभाई आणि कस्तुरबा दोघेही इथेच वारले. त्यांच्या समाध्या आवारात आहेत. 1969 साली आगाखानांनी ही वास्तू देशाला दिली. संग्रहालय आहे, पण मुलांना आधी बाहेर बसवा. कमानींची रांग आहे, रुंद ओसरी आहे. दुपारच्या वेळी कमानीची सावली ओसरीवर कशी सरकते ते अर्धा तास पाहू द्या. मग ज्याला जे काढावंसं वाटेल ते काढू द्या.

पेन्सिलींना तेवढी घरूनच टोकं करून आणा. दरवेळी पन्नास मुलांत एकच टोकयंत्र असतं आणि तेही बसमध्ये राहिलेलं असतं.