आकाशगंगेच्या आडोशाला
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



शेजारच्या कारखान्यात माग चालू आहेत की बंद, हे आपण भिंतीच्या अलीकडून कसे ओळखता? खटखटीवरून. भिंत उजेड अडवते, पण आवाज पुरता अडवत नाही. आजचा माझा विषय एवढ्याच गोष्टीवर उभा आहे.

मे महिन्यात मध्यरात्रीनंतर मुरबाड-शहापूरकडील एखाद्या अंधाऱ्या गावातून पाहिले, तर आकाशात दुधाळ पट्टा दिसतो. ती आपली आकाशगंगा. ती तबकडीसारखी चपटी असून आपण तिच्या आतच राहतो. तिच्यात ताऱ्यांबरोबर धूळही पुष्कळ आहे. ही धूळ पलीकडच्या दीर्घिकांचा प्रकाश अडवते. त्यामुळे जुन्या नकाशांत आकाशाचा सुमारे पाचवा हिस्सा जवळजवळ कोराच राही. दीर्घिका जणू तो भाग टाळतात, म्हणून त्याला ‘टाळलेला पट्टा’ असे नाव पडले. वास्तविक दीर्घिका तेथे होत्याच. दिसत नव्हत्या, इतकेच.

मग त्या सापडल्या कशा? दीर्घिकांतील हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. व्हान डे हुल्स्ट या डच शास्त्रज्ञाने हे १९४४ साली वर्तवले आणि १९५१ साली त्या लहरी प्रत्यक्ष पकडल्या गेल्या. धुळीचे कण या लहरींपुढे इतके लहान, की लहर त्यांना न जुमानता पार होते. दूरच्या दीर्घिकेची लहर थोडी ताणलेली येते. त्या ताणावरून तिचे अंतर काढतात. ऑस्ट्रेलियातील पार्क्सच्या ६४ मीटर दुर्बिणीने या पट्ट्यात ८८३ दीर्घिका नोंदल्याचे २०१६ साली जाहीर झाले. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश पूर्वी कोणीच पाहिल्या नव्हत्या. आपल्या आकाशगंगेला कोणते वस्तुमान आपल्याकडे ओढत आहे, हे कळायचे तर हा कोरा भाग भरणे आवश्यकच होते.

अशा लहरी पकडणारी मोठी दुर्बीण आपल्या पुणे जिल्ह्यातही आहे. नारायणगावजवळ खोडद परिसरात प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या. सबंध पत्र्याच्या तबकड्या महाग आणि जड झाल्या असत्या. म्हणून त्यांनी पोलादी तारांची विरळ जाळी दोरांवर ताणून बसवली. भोके लहरीपेक्षा पुष्कळ लहान असली, की लहर निसटत नाही. ताणा-बाणा जाणणाऱ्या भिवंडीकरांना हे अधिक समजावून सांगायला नको!

पालकांनो, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त खोडदला प्रदर्शन भरत आले आहे. मुलांना, आणि मुलींनाही, एकदा तेथे अवश्य न्या. वर्गात न बोलणारी मुलगी, लूमवरून येऊन बाकावर पेंगणारा मुलगा, यांच्या नावापुढे आपण फार लवकर ‘काही नाही’ असे लिहून टाकतो. आकाशाच्या नकाशातही तीच चूक होण्यासारखी होती. कोरी जागा रिकामी असतेच असे नाही. ऐकण्याचे साधन मात्र आपल्यालाच शोधावे लागते.