संप मागे घेताना



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. राजकारणावर बोलायचा माझा अधिकार तुमच्याइतकाच. पण 'तत्त्व की तडजोड' हा विषय मिळाला आणि मला मार्च २०२३ मधलं आमचं जालन्यातलं घर आठवलं. तिथूनच सुरुवात करतो.

माझी आपा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेली, म्हणून तिला जुनी पेन्शन नाही. १४ मार्च २०२३ रोजी राज्यातले सरकारी-निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी बेमुदत संपावर गेले. घोषणा देऊन देऊन आपाचा घसा बसला. त्याच आठवड्यात मराठवाड्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. भोकरदन तालुक्यात आमच्या मामूंचा सोंगणीला आलेला गहू आडवा झाला. पंचनामा करणार कोण? सगळेच संपावर. मामूंचा फोन आला, "सगळं बंद आहे म्हणतात, गारा तेवढ्या चालू आहेत. आपाला विचार, कधी उठणार?" आपा फोनवर आली नाही. मामू खोटं बोलत नव्हते आणि आपाची मागणीही खोटी नव्हती.

हाच पेच २०२५ मध्ये अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. आपल्याकडे अनुदानाची मागणी विधानसभेत नामंजूर झाली तर सरकारच पडतं. तिथे राष्ट्राध्यक्ष संसदेच्या बहुमतावर टिकून नसतो. खर्चाला मंजुरी मिळाली नाही तर सरकार पडत नाही, कामकाज ठप्प होतं. त्यालाच शटडाउन म्हणतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस ते चाललं. डेमोक्रॅटिक पक्षाची मागणी होती की आरोग्य विम्याच्या हप्त्यावरची वाढीव सवलत डिसेंबरअखेर संपते आहे, ती वाढवा. रास्त मागणी. पण दरम्यान लाखो कर्मचाऱ्यांचे पगार थांबले आणि नोव्हेंबर उजाडला तसं सुमारे ४ कोटी २० लाख लोकांचं अन्नसाहाय्य अडकलं.

सिनेटमध्ये ६० मतं लागतात. ९ नोव्हेंबरला डेमोक्रॅटिक गटातल्या आठ जणांनी सत्ताधाऱ्यांच्या बाजूने मत दिलं आणि ६० विरुद्ध ४० ने कोंडी फुटली. त्यांना काय मिळालं? शटडाउनच्या काळात काढलेले कर्मचारी परत घेतले जातील, अन्नसाहाय्याला वर्षभराचा निधी मिळेल आणि सवलतीवर डिसेंबरमध्ये मतदान होईल. मतदान झालं, ६० मतं मिळाली नाहीत, सवलत संपली. बर्नी सँडर्स यांच्यासारखे विरोधक तेव्हाच म्हणाले होते की ही चूक आहे. टिम केन यांचं उत्तर वेगळं होतं. त्यांच्या व्हर्जिनिया राज्यात केंद्रीय कर्मचारी मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या नोकऱ्या वाचवणं हेही त्यांना कर्तव्य वाटलं. मला दोघांचंही म्हणणं पटतं. मात्र एक गोष्ट खटकते. त्या आठांपैकी एकालाही २०२६ च्या निवडणुकीत मतदारांपुढे जायचं नव्हतं.

आता परत जालन्यात येऊ. २० मार्चला समन्वय समितीचे नेते मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांना भेटले आणि संध्याकाळी संप मागे घेतल्याचं जाहीर झालं. हातात काय पडलं? जुन्या पेन्शनइतकी सुरक्षा देण्याचं तत्त्वतः आश्वासन, आणि आधीच नेमलेल्या समितीचा अहवाल तीन महिन्यांत. आपा बातम्या बघत होती. ती म्हणाली, "मागे घ्यायला माझी हरकत नव्हती. पण मला ते टीव्हीवरून कळलं."

पुढे डिसेंबरमध्ये पुन्हा संप झाला, तोही लगेच स्थगित झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राची युनिफाइड पेन्शन योजना स्वीकारली. २५ वर्षं सेवा असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन. जुनी पेन्शन जशीच्या तशी नाही, पण २०२३ च्या आधीपेक्षा पुष्कळ बरं.

"मग ताणून धरलं असतं तर पूर्ण मिळालं असतं," असं कुणी म्हणेल. त्यांनी एसटीचा संप आठवावा. विलीनीकरणाची मागणी होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने मूळ वेतनात अडीच ते पाच हजारांची वाढ देऊ केली. बरेच कर्मचारी तरीही हटले नाहीत. संप एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला, शेवटी उच्च न्यायालयाच्या आदेशाने कामगार परतले. विलीनीकरण झालंच नाही. त्या काळात किती खेड्यांतल्या मुलींचं कॉलेज बुडालं, ते तुमच्यातल्या काहींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

आपल्याकडे माघार घेणारा प्रत्येक पुढारी सुलह-ए-हुदैबियाचा दाखला देतो. तो करार पूर्ण वाचा. वर्ष इसवी सन ६२८. मदिनेहून उमऱ्याला निघालेले लोक मक्केच्या वेशीवरून परतले. पण पुढच्या वर्षी यायचं, तीन दिवस राहायचं, हे लिहून घेतलं होतं. हजरत उमर यांनी भर समुदायात सवाल केला, त्यांना कुणी गप्प बसवलं नाही. आणि बेड्यांसह पळून आलेल्या अबू जंदल यांना अटीप्रमाणे परत पाठवावं लागलं, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना समोरासमोर धीर दिला. किंमत मोजणाऱ्याकडे पाठ फिरवली नाही.

माझ्या मते माघारीची कसोटी इथेच आहे. जे मिळालं ते तारखेसह लिहिलेलं आहे का? प्रश्न विचारायला जागा होती का? आणि ज्याला किंमत मोजावी लागणार, त्याच्याशी कुणी बोललं का? या तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर ती तडजोड. 'नाही' असेल तर ते हात टेकणं, मग भाषण कितीही जोरदार असो.

आमच्या धंद्यात एक शिस्त असते. नवीन सॉफ्टवेअर चालू करण्याआधी आम्ही लिहून ठेवतो की काय बिघडलं तर मागे फिरायचं. हे दिवसा, शांत डोक्याने ठरवतो. रात्री दोन वाजता सगळं कोसळल्यावर ठरवलं तर माणूस एक तर घाबरतो, नाही तर हट्टाला पेटतो. तुम्ही उद्या शिष्यवृत्तीसाठी, वसतिगृहासाठी, कब्रस्तानच्या जागेसाठी उपोषणाला बसाल. जरूर बसा. पण बसण्याआधी एका कागदावर लिहा: किमान काय मिळालं तर उठायचं, तो निर्णय कोण घेणार, आणि तोवर आपल्यामुळे कुणाचं नुकसान होणार. त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या.

मामूंचा पंचनामा संपानंतर झाला. तोवर त्यांनी हाती लागेल तेवढा गहू सोंगून घेतला होता. ईदला आपा त्यांच्याकडे गेली, मीही सोबत होतो. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग शीरखुर्म्याची वाटी तिच्यापुढे सरकवत मामू म्हणाले, "पुढच्या वेळी बसशील, तेव्हा आधी सांग. किती दिवस आणि कशासाठी. तेवढे दिवस मी काढीन."