औषधसंशोधकाचें संकेतस्थळ

यवतमाळ जिल्ह्यांतील वणीसारख्या तालुक्याच्या गांवींही आज औषधांची माहिती भ्रमणध्वनीवर वाचली जाते. अशा वेळीं औषधांच्या अपायांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकानें स्वतःचें संकेतस्थळ उघडावयाचें ठरविलें, तर तें कसें असावें?

बाह्य रूप साधेंच पुरे. संशोधकाचें नांव, संस्था, अभ्यासाचा विषय, त्यासाठीं पैसा कोणी दिला याचा स्पष्ट उल्लेख, आणि प्रत्येक मजकुराखालीं दिनांक. चित्रें थोडीं असलीं, कीं पान चटकन् उघडतें.

खरी कसोटी भाषेची. १९६१ च्या डिसेंबरांत ऑस्ट्रेलियांतील डॉक्टर विल्यम मॅकब्राइड यांनीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत एक छोटें पत्र लिहिलें. थॅलिडोमाइड घेतलेल्या गर्भवतींच्या अर्भकांत व्यंगें आढळलीं, असें सांगून इतरांनाही असा अनुभव आला आहे काय, एवढेंच त्यांनीं विचारलें. शंका त्यांनीं शंका म्हणूनच मांडली. पुढें ती खरी ठरली.

हाच संयम संकेतस्थळावर हवा. ‘संशय’ आणि ‘सिद्ध’ यांतील भेद पुसट राहिला, तर रक्तदाबाचा रोगी आपली गोळी परस्पर बंद करील, आणि औषधापेक्षां वाचनच त्याला घातक होईल. डॉक्टरांना विचारल्यावांचून औषध सोडूं नये, हें वाक्य प्रत्येक पानावर असावें.

रोग्यांच्या खासगी हकीकती तेथें मागवूं नयेत. २०१० सालीं सुरू झालेल्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक, १८००-१८०-३०२४, ठळकपणें द्यावा. तेथें सामान्य रोग्यालाही अपाय कळवितां येतो. आणि योग्य जागीं कळविलेली शंकाच उद्यांच्या रोग्याचें रक्षण करते.