खंजिरी बसली तेव्हा

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महिला भजनी मंडळाच्या बाया बोलतोय.

मागच्या श्रावणात ऐन भजनात आमची खंजिरी बसली. थाप मारली की नुसतं भद्द. "नवी घ्या," असा सल्ला मिळाला. पण गटाजवळ तेवढे पैसे कुठले? आमच्यातल्या म्हाताऱ्या मावशीनं ती चुलीपासून हातभर दूर धरून शेकली, आणि खंजिरी टणटण बोलू लागली! ओल्या हवेनं चामडं सैल पडतं, शेकलं की ताणतं. ताण वाढला की आवाज चढतो.

मग आम्ही सगळीच वाद्यं नीट पाहिली. एकतारीची खुंटी पिळली की तार ताणते, सूर चढतो. भोपळा तो मोठा करतो. बासरीत आतली हवा थरथरते. भोकं उघडली की हवेचा खांब आखूड होतो, सूर चढतो. पेटीत भात्याची हवा पितळी पट्ट्या हलवते. आखूड पट्टीचा सूर उंच. टाळ स्वतःच थरथरतो, म्हणून मुठीत दाबला की मुका.

पुढं पेटीचा एक सूर अडला, तेव्हा आम्ही घाबरलो नाही. पट्टीत धुळीचा कण होता. मऊ ब्रशनं अलगद काढला, सूर बोलला.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीचं भजन १९५५ साली जपानपर्यंत नेलं. ती खंजिरी आपल्या हाती आहे. वाद्य बिघडलं तर आधी पाहा, थरथरणारं काय अडलंय? पैसे मग काढा.