पडद्याची बेरीज, शाईची वजाबाकी

आपल्या उंद्रीचा एक तरुण शहरातल्या छापखान्यात कामाला होता. पत्रकाचा हिरवा रंग मोबाइलवरच्यासारखा उजळ उतरला नाही, म्हणून मालकाने त्याची मजुरी कापली. त्याच्या बाजूने भांडण्यासाठी मी हे शास्त्र शिकलो.

पडदा स्वतः उजेड देतो. मॅक्सवेलने १८६१ साली लंडनला तांबडा, हिरवा, निळा उजेड एकावर एक पाडून रंगीत चित्र दाखवले. तिन्ही सारखे मिळाले की पांढरे. कागद मात्र आधीच पांढरा. शाई त्यावरचा उजेड गिळते. आकाशी शाई तांबडा गिळते, किरमिजी हिरवा, पिवळी निळा. आकाशीवर पिवळी चढवली की हिरवा तेवढा उरतो, पण मंद.

पडदा बेरीज करतो, शाई वजाबाकी. ही वजाबाकी निसर्गाची आहे. ती कामगाराच्या मजुरीतून का व्हावी?