परक्या अणूचे स्थान
(मंडळाच्या सेक्टर २ येथील सभेत दिलेले भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर. पदार्थविज्ञानावर अधिकाराने बोलणे माझे काम नव्हे. तरीही आजचा विषय भिलाईकरांना अगदीच अपरिचित नाही. शुद्ध लोखंड मऊ असते. त्यात शेकडा एकाहूनही कमी कार्बन मिसळला की आगगाडीचा भार सोसणारा रूळ तयार होतो. अल्प मिश्रणाने पदार्थाचा स्वभाव पालटतो, हेच तत्त्व आज इरिडियमच्या संयुगांतही तपासले जात आहे.

इरिडियम हा धातू स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०३ साली शोधला. तो शिशाच्या जवळजवळ दुप्पट जड व अतिशय दुर्मीळ आहे. स्ट्रॉन्शियम, इरिडियम आणि ऑक्सिजन यांच्या एका संयुगातून, साध्या हिशेबाने, वीज वाहावयास हवी. प्रत्यक्षात ती अडते. याचा उलगडा २००८ साली झाला. जड अणूत इलेक्ट्रॉनचे परिवलन व त्याची कक्षीय गती एकमेकींशी घट्ट जखडलेल्या असतात. त्यामुळे इलेक्ट्रॉनांच्या संचाराला वाव कमी उरतो आणि परस्परांच्या प्रतिकर्षणाने ते आपापल्या अणूपाशीच अडकून पडतात.

ही कोंडी फोडण्यासाठी स्ट्रॉन्शियमच्या काही अणूंच्या जागी लँथॅनमचे अणू बसवितात. असा प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन अधिक देतो. विजेला होणारा विरोध कमी होतो आणि पूर्वी शोषला न जाणारा, कमी ऊर्जेचा अवरक्त प्रकाशही शोषला जाऊ लागतो. आत काय बदलले, हे प्रकाशच सांगतो.

असे प्रयोग पुष्कळदा केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही पातळ थरांवर होतात. लेसरच्या झोताने मूळ पदार्थाची वाफ उडवून ती तापलेल्या स्फटिकावर बसवितात. थराचे घटक त्याचे स्वतःचेच राहतात. अणूंमधील अंतर मात्र खालच्या स्फटिकाशी जुळवून घेते.

या तंत्रात आपल्या पुण्याचे डॉ. सतीशचंद्र ओगले यांनी मोठे काम केले आहे. अमेरिकेतील मेरीलंड विद्यापीठात असताना त्यांनी व सहकाऱ्यांनी २००३ साली, कथिलाच्या ऑक्साइडच्या पारदर्शक थरात थोडा कोबाल्ट मिसळून त्यात चुंबकत्व आढळल्याचे प्रसिद्ध केले. पुढे अशा पदार्थांविषयी जगभर वाद झाला. प्रश्न मोलाचा होता : परके अणू जाळ्यात आपापल्या जागी बसले, की एका कोपऱ्यात गोळा झाले? गोळा झाले असतील, तर दिसणारा गुण त्या घोळक्याचा. मूळ पदार्थ बदललाच नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने हाच प्रश्न आपणही स्वतःस विचारावा. पन्नास वर्षांत आपण आपली भाषा, गणेशोत्सव, नाटके जपली, हे भूषणावह आहे. परंतु छत्तीसगडच्या या भूमीत आपण शेजाऱ्यांमध्ये मिसळून आपली जागा घेतली, की केवळ आपल्यापुरता घोळका केला? माणसे अणू नव्हेत, हे मी जाणतो. म्हणूनच ही निवड आपल्या हाती आहे.

भिलाईची आय.आय.टी. २०१६ साली सुरू झाली. आपल्या मुलामुलींपैकी कोणी तेथे पदार्थांचा अभ्यास करावा आणि जे शिकेल ते या सभागृहात येऊन मराठीत, व शेजाऱ्यांना त्यांच्या छत्तीसगढीत, समजावून सांगावे, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.