ज्याचे जळते, त्याला विचारावे

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



वार्षिक समारंभात पाहुण्याने संस्थेची स्तुती करावी, निकालाचे आकडे ऐकून समाधान व्यक्त करावे आणि खाली बसावे, असा रिवाज आहे. संस्थेचे कार्य स्तुतीस पात्र आहे, यात शंका नाही. परंतु आज मी थोडे वेगळे बोलणार आहे आणि आरंभ माझ्या स्वतःच्या चुकीपासून करणार आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका शिक्षणसंस्थेच्या कार्यकारी मंडळावर होतो. गरीब वस्तीतील मुलांसाठी आम्ही अभ्यासिका काढली. देणग्या जमवल्या, बाके आणली, पंखे बसवले. वेळ ठेवली संध्याकाळी सहा ते नऊ. तीन महिन्यांत अभ्यासिका ओस पडली. मंडळाची बैठक झाली. "आपल्या लोकांना शिक्षणाची कदरच नाही," असे आम्ही सर्वांनी एकमुखाने सांगितले आणि अभ्यासिका बंद करण्याचा ठराव केला.

मुलांना दिलेली पुस्तके परत घेण्यासाठी मी वस्तीत गेलो. एका आईने पुस्तके आणून दिली आणि विचारले, "सर, वेळ ठरवताना आम्हाला कुणी विचारलं होतं का?" मग तिने सांगितले की, सहाला नळाला पाणी येते, तेव्हा मुली हंडे घेऊन रांगेत असतात. मोठे मुलगे बेकरीत, गॅरेजात कामावर असतात. मगरिबनंतर मुलींना त्या अंधाऱ्या गल्लीतून एकटे पाठवायचे कसे? "फजरनंतर उघडा, मुलं येतील."

आम्ही पहाटेची वेळ केली आणि खरोखरच बाके भरली. पण गोष्ट येथे संपत नाही. दोन वर्षांनी, पहाटे कुलूप काढायला माणूस मिळत नाही म्हणून, मंडळाने वेळ पुन्हा संध्याकाळची केली. त्या बैठकीत ती आई नव्हती, कारण तिला मंडळावर घ्यावे असे आमच्यापैकी कुणालाच सुचले नव्हते. मलाही नाही. अभ्यासिका दुसऱ्यांदा ओस पडली, ती कायमचीच. आम्ही तिचा सल्ला घेतला, पण तिला खुर्ची दिली नाही. सल्ला आणि खुर्ची यांतला फरक मला तेव्हा कळला.

ही खुर्ची दिल्याने काय घडते, याचे एक उदाहरण मुंबईतलेच आहे. भायखळ्याच्या फुटपाथांवर झोपड्या बांधून राहणाऱ्या बायकांबरोबर 'स्पार्क' या संस्थेने १९८४ साली काम सुरू केले. या बायकांत आपल्या समाजातील भगिनी पुष्कळ होत्या. जुलै १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु फुटपाथवर राहण्याचा हक्क मानला नाही. डोक्यावर अशी टांगती तलवार असताना त्याच वर्षी या वस्त्यांची मोजणी वस्तीतील लोकांना बरोबर घेऊन करण्यात आली आणि १९८६ साली बायकांची स्वतःची संघटना, 'महिला मिलन', उभी राहिली. त्यांनी हवे असलेले घर स्वतः आखले. अंगावरच्या साडीच्या मापाने लांबी-रुंदी मोजली. जागा थोडीच मिळणार, तर छत चौदा फूट उंच करा आणि आत माळा काढा, ही त्यांची मागणी. आयुष्यभर एका खोलीत आठ माणसांची झोपण्याची व्यवस्था लावलेल्या बाईला हे शिकवावे लागत नाही.

पुढे १९९९ पासून पुण्यात महानगरपालिकेने वस्त्यांमध्ये सार्वजनिक शौचालये बांधण्याचे मोठे काम हाती घेतले, त्यातही या संघटनेचा वाटा होता. तेथे मुलांसाठी वेगळी, लहान मापाची शौचालये झाली. अभियंत्यांना बांधकाम येत नव्हते असे नव्हे. पण रांगेत मोठी माणसे लहानांना मागे ढकलतात आणि मग मुले उघड्यावर बसतात, हे रांगेत उभी राहिलेली आईच जाणते. ज्याचे जळते त्यालाच कळते, असे आपण म्हणतो. मग ज्याला कळते, त्याला निर्णयाच्या वेळी बाहेर का बसवतो?

आता आपल्या शाळांकडे वळू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरवले. अल्पसंख्याकांच्या शाळांसाठी २०१२ च्या दुरुस्तीने या समितीचे काम केवळ सल्ला देण्यापुरते ठेवले आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही, असा निर्णय दिला. आपला घटनादत्त अधिकार शाबूत राहिला, ही आनंदाची बाब आहे. पण हा अधिकार कुणाचा? तो समाजाचा आहे, केवळ आम्हा पदाधिकाऱ्यांचा नव्हे. सरकारने सक्ती केली नाही म्हणून पालकांना दाराबाहेर ठेवले, तर मिळालेल्या अधिकाराचा आपण काय उपयोग केला?

म्हणून अध्यक्षसाहेबांना माझी नम्र विनंती आहे. येत्या वर्षी कार्यकारी मंडळावर किमान दोन पालक घ्यावेत, त्यांत एक आई असावी आणि दोघांनाही मताचा अधिकार असावा. शाळा मध्येच सोडावी लागलेली एखादी मुलगीही घ्यावी. मुली शाळा का सोडतात, हे तिच्याइतके आपल्यापैकी कुणालाही ठाऊक नाही.

"हे लोक शिकलेले नाहीत, त्यांना हिशेब काय कळणार?" असा आक्षेप येईल. महिन्याच्या तुटपुंज्या मिळकतीत घर चालवणाऱ्याला हिशेब कळत नाही, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र आपल्यालाही काही बदलावे लागेल. बैठक कामाच्या दिवशी दुपारी ठेवली, तर रोजंदारीवरचा बाप येणार नाही. तो आलाच, तर त्याची बुडालेली मजुरी संस्थेने द्यावी. इतिवृत्त त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवावे. आणि एकाच पालकाला बसवू नये, कारण दहा सुटाबुटातल्या माणसांत एकटा माणूस मान डोलावून घरी जातो.

पालकहो, खुर्ची मिळाली, तर केवळ आपल्या मुलाची तक्रार घेऊन येऊ नका. जे बैठकीला येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी आधी जाऊन या. आणि विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी काही जण अशाच संस्थांचे पदाधिकारी व्हाल. त्या दिवशी आपण कोणत्या गल्लीतून शाळेत आलो, हे विसरू नका; आणि जे आजही त्या गल्लीतून येतात, त्यांना आपल्या शेजारी जागा करून द्या.

त्या आईचा प्रश्न आजही माझ्या कानात आहे. तिला मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. आपल्या संस्थेवर तशी वेळ येऊ नये, एवढीच इच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.

खुदा हाफिज.